बसल्या बसल्या

दातांच्या त्या दवाखान्यात दहाची वेळ मिळाली की माणूस साडेअकराला आत जायचा. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तरी दहाला येऊन बसावं लागायचंच, कारण एखाद्या दिवशी डॉक्टर चुकून वेळेवर आले तर काय घ्या! डॉक्टरांचा हात मोठा हलका. दाढ निघाल्याचं दाढेलासुद्धा उशिरा कळतं, असं लोक म्हणायचे. पण त्यांना गप्पांची भारी हौस. खुर्चीतल्या माणसानं एकदा सुनेची गोष्ट काढली की ती संपेपर्यंत बाहेरच्यांच्या दाढा ठणकत राहायच्या.

बाहेरची खोली लांबट होती. भिंतीला टेकून दोन बाकं, त्यातलं एक डुगडुगणारं. टेबलावर फोन आणि प्लास्टरचा एक जबडा. काचेच्या पेटीत एकुलता एक मासा. तोही बहुधा नंबर लागायची वाट बघत असावा. मासिकं इतकी जुनी की त्यांतली शब्दकोडी कितीतरी जणांनी वेगवेगळ्या पेनांनी सोडवलेली, आणि तरीही चुकलेली.

ह्या खोलीत मावशी पहिल्यांदा आल्या त्या एक वेळ रद्द करायला.

वेळ त्यांच्या नवऱ्याची होती. नवरा गोदामात कारकून. कुणाच्या अध्यात ना मध्यात. एक गुण मात्र असा की शीळ वाजवावी तर त्यानं. दाढी करताना वाजवायचा, जिना चढताना वाजवायचा. शेजारीपाजारी त्या शिळेवरून ओळखायचे की गोदाम सुटलं. मग एकदा समोरचा दात पडला आणि शिळेच्या जागी नुसती हवा यायला लागली, फुस्स.

"दात बसवून घ्या हो," मावशी म्हणाल्या.

"बघू," नवरा म्हणाला.

हा त्याचा आवडता शब्द. स्वयंपाकघरातला नळ गळतोय? बघू. समुद्र बघायला जायचं? बघू. थोरल्या नणंदेशी पडलेलं भांडण मिटवायचं? रिटायर झालो की बघू. शेवटी मावशींनीच फोन करून दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आणि त्या दिवसाच्या आधीच, ऑफिसच्या खुर्चीत बसल्या जागी, माणूस गेला. कुणाला काही कळायच्या आत.

शेजारणी रडायला आल्या तेव्हा मावशी म्हणाल्या, "माणूस गेला, आणि नळ अजून गळतोच आहे." शेजारणींना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मावशींनी पाना आणला, ओट्याखाली गुडघ्यांवर बसल्या आणि नळ स्वतः दुरुस्त केला. मग तिथेच, ओल्या फरशीवर बसून, पोटभर रडून घेतलं.

वेळ रद्द करायला फोन पुरला असता. पण मावशींना घरात बसवेना, म्हणून त्या चालत दवाखान्यात आल्या. टेबलामागे कुणी नव्हतं. आधीची मुलगी लग्न होऊन गेली होती. मावशी बाकावर बसल्या. बसल्या, बसल्या आणि बसल्या. आजूबाजूला माणसंही तशीच, गालावर हात ठेवून, समोरच्या भिंतीकडे बघत. फोन वाजला, वाजून वाजून थांबला. परत वाजला. तेव्हा मावशी उठल्या आणि त्यांनी तो उचलला.

"डॉक्टर आहेत का?" पलीकडून आवाज.

"आहेत. पण कधी मोकळे होतील ते देव जाणे. तुम्ही अर्धा तास उशिरा या आणि येताना काहीतरी काम घेऊन या."

डॉक्टर बाहेर आले तेव्हा मावशींनी सगळ्यांची रांग लावलेली होती, ज्याची दाढ जास्त सुजलेली तो पुढे. "तुम्ही कोण?" डॉक्टरांनी विचारलं. "मी वेळ रद्द करायला आलेय," मावशी म्हणाल्या. "उद्यापासून याल का?" डॉक्टर म्हणाले. "उद्या कशाला? आता आलेच आहे," असं म्हणून त्या खुर्चीत बसल्या, त्या पुढं कितीतरी वर्षं.

पहिले काही दिवस मावशींनी नुसतं बघितलं. भलीचांगली माणसं येत, बसत आणि दगड होत. एक दिवस त्यांना राहवलं नाही. डुगडुगत्या बाकावर एक बस ड्रायव्हर बसला होता. दांडगा, मिशीवाला, रूट कॅनालवाला, म्हणजे बऱ्याच खेपा घालायच्या होत्या.

"ड्रायव्हरसाहेब, तुम्हाला काय येतं?" मावशींनी विचारलं.

"बस चालवता येते," तो गांगरून म्हणाला.

"ते दिसतंय. आणि काय यायचं राहिलंय?"

आता हा प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नव्हता. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मिशीत म्हणाला, "हसायचं नाही. मला स्वेटर विणायचाय. शेवटच्या स्टॉपवर गाडी उभी असते, तेव्हा बायका विणताना बघतो. फार बरं वाटतं बघायला."

कुणी हसायच्या आत मावशी दुसऱ्या बाकाकडं वळल्या. तिथे शाळेच्या मुख्याध्यापिका बसल्या होत्या, रिटायर झालेल्या, दाताला कॅप बसवायला आलेल्या. "बाई, तुम्हाला विणता येतं?"

"येतं की."

"मग बसल्या बसल्या ह्यांना तेवढं शिकवा."

झालं! दोन खेपांत ड्रायव्हरला सुई धरता येऊ लागली आणि बाईंना पुन्हा कुणाला तरी रागवायला मिळालं. "टाका सुटलाय! लक्ष कुठंय?" असा आवाज बाहेर आला की रस्त्यावरून जाणारे थबकत, त्यांना वाटे, डॉक्टरच दाताच्या टाक्याबद्दल बोलताहेत. रूट कॅनाल लांबलं, स्वेटरही लांबला. एक बाही दुसरीपेक्षा हातभर मोठी झाली, कारण मधल्या एका खेपेला डॉक्टरांनी फारच उशीर केला होता.

मग हे लोण पसरलं. "बसल्या बसल्या" हे मावशींचं पालुपद झालं. बसल्या बसल्या बाकाचा पाय ठोकून घेतला. बसल्या बसल्या माशाला जोडीदार आणवला. औषधांच्या दुकानातल्या मुलीला एका निवृत्त टपालवाल्यानं बुद्धिबळ शिकवलं आणि पंधरवड्यात तिच्याकडून हरला. तेव्हापासून तो दाढ बरी होऊनही यायचा, बदला घ्यायला. लोक त्यांना उरकमावशी म्हणू लागले. कारण ज्या कामाला ह्या बाईचा हात लागेल ते उरकलंच म्हणून समजावं.

डॉक्टरांची मात्र पंचाईत व्हायची. एकदा त्यांनी एका माणसाला खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं, आरसा फिरवफिरव फिरवला.

"अहो, तुमच्या दातांना काहीच झालेलं नाही!"

"माहीत आहे," माणूस म्हणाला. "मी विणायला आलोय. तुम्ही हाक मारलीत, नाही कसं म्हणायचं?"

डॉक्टरांनी भिडेखातर त्याचे दात साफ करून दिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "मावशी, हा दवाखाना आहे की शिकवणीचा वर्ग?"

"तुम्ही वेळेवर या, लगेच दवाखाना होईल," मावशी म्हणाल्या.

आणि मग ती पाटीवाल्या भावांची गोष्ट घडली.

त्याच रस्त्यावर दोन भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचे. दुकानं समोरासमोर, दोघांमध्ये रस्ता आणि अबोला. पूर्वी दुकान एकच होतं. थोरल्याचं अक्षर म्हणजे मोती. पण ऱ्हस्वदीर्घाशी त्याचं उभं वैर. धाकट्याचं अक्षर बरं, पण व्याकरण पक्कं. एकदा डेअरीच्या उद्घाटनाला थोरल्यानं रंगवलेली पाटी उघडली. 'शुद्ध दुध.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात धाकटा शिडीवर चढला आणि भर गर्दीत, मालकादेखत, दादाच्या 'दु'ला शेपूट ओढून त्याचा 'दू' केला. लोक हसले. थोरला तिथून निघाला तो घरी जाऊन आपल्या वाट्याचं सामान बांधूनच थांबला. एवढ्याशा शेपटावरून घर फुटलं.

दोघांची आई फार म्हातारी झाली होती. पंधरा दिवस इकडं, पंधरा दिवस तिकडं. ती कवळीचं माप द्यायला दवाखान्यात आली. तोंडाचं बोळकं, पण जीभ तिखट. मावशींनी तिलाही विचारलं, "आजी, तुम्हाला काय यायचं राहिलंय?"

"मला सगळं येतं," आजी म्हणाली. "बघायचं मात्र एक राहिलंय. माझी दोन्ही गाढवं एका टेबलाशी बसून जेवलेली. कवळी काय, झाली तर झाली. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. मी म्हटलं, बाबा, वेळ तुझ्याकडं असेल. मी तर उरलासुरला वापरतेय."

मावशींनी क्षणभर विचार केला. "आजी, तुमच्या मुलांचे दात कसे आहेत?"

"किडके. दोघांची डावीकडची खालची दाढ. त्यांच्या बापाचीही तीच होती. घराण्याची दाढ आहे ती."

मावशींच्या डोळ्यांत अशी काही चमक आली की प्लास्टरच्या जबड्यालाही धास्ती वाटावी.

थोरल्याला निरोप गेला, "तुमच्या आईंच्या कवळीचं पुन्हा माप घ्यायचंय, या आणि येताच आहात तर ती दाढही दाखवा." धाकट्यालाही तोच निरोप, शब्दाला शब्द. दोघंही आले. एकमेकांना बघून दोघंही उलट्या पावली निघाले. पण आजी दारातच खुर्ची टाकून बसली होती, आणि आईच्या अंगावरून उडी मारून जायची दोघांचीही हिंमत नव्हती.

डॉक्टरांनी थोरल्याची दाढ बघितली. काढायला हवी. धाकट्याची बघितली. तीही काढायला हवी. मावशी आत गेल्या.

"दोघांनाही एकदमच टोचा."

"अहो, पण भूल उतरायच्या आत दाढ काढावी लागेल. दोघांची कशी काढू?"

"भराभर काढा. आयुष्यात एकदा तरी."

डॉक्टरांनी दोघांनाही इंजेक्शन दिलं आणि भूल चढेपर्यंत बाहेर बसवलं. एकाच बाकावर, कारण दुसऱ्यावर विणणारे बसले होते आणि ते इंचभरही सरकायला तयार नव्हते. डॉक्टर थोरल्याला हाक मारणार तोच आजी काठी टेकत आत शिरली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "डॉक्टर, कवळी झाली की ती रात्री पाण्यात ठेवायची म्हणता, ते का हो? आणि तुमच्या बायकोचं पाठीचं दुखणं कसंय? माझ्या बहिणीचीही पाठ अशीच होती..." डॉक्टरांचा बांधच फुटला. ते स्टूल ओढून बसले.

बाहेर दोन्ही भावांचे ओठ लोंबायला लागले. थोरल्यानं धाकट्याकडं रागानं बघितलं आणि इतक्या वर्षांचं साठलेलं एका शब्दात बोलून टाकायचं ठरवलं.

"फूल्ख!" तो म्हणाला.

"थू... थूच फूल्ख!" धाकट्यानं उत्तर दिलं, आणि त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळली.

थोरल्यानं तोंड उघडलं, पण शब्द येईना. धाकट्याचाही येईना. भांडायला जीभ लागते, आणि ती तर गादीसारखी पडून राहिली होती. मुख्याध्यापिका बाईंनी दोघांना एकेक रुमाल दिला. ड्रायव्हर खाली मान घालून विणत होता. त्याचे खांदे मात्र गदगदत होते.

तेवढ्यात मावशींनी टेबलामागून पत्र्याची एक कोरी पाटी काढली, रंगाचा डबा आणि दोन ब्रश काढले आणि एक ब्रश थोरल्याच्या हातात दिला. "बसल्या बसल्या एवढं करून द्या. लोक कुठंही थुंकतात हो. लिहा, 'बेसिनखेरीज कुठेही थुंकू नये.'"

आता ब्रश हातात आला की थोरल्याला राहवायचं नाही. पाटी मांडीवर घेतली आणि सुरुवात केली. एकेक अक्षर असं की बघत राहावं. मावशींनी तो शब्द मुद्दामच निवडला होता हे नंतर त्या कानांवर हात ठेवून नाकारायच्या. थोरला 'थुं' लिहून पुढं सरकला. 'कु' लिहिला. ऱ्हस्व.

सुया थांबल्या. बुद्धिबळवाल्यानं उंट हवेतच धरला. धाकट्याची नजर त्या 'कु'वर खिळली. त्याचे हात शिवशिवत होते, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यानं दुसरा ब्रश उचलला. थोरल्याच्या कपाळावरची शीर टम्म फुगली.

धाकट्यानं ब्रश रंगात बुडवला. मग थांबला. आणि ब्रश उलटा करून, दांडा दादाच्या पुढं धरून, त्यानं तो त्याच्याच हातात दिला. दुसऱ्या हाताचं बोट हवेत नेऊन एक लांब उकार काढून दाखवला. वर बघितलं, भुवया उचलल्या. 'तुला वाटलं तर.'

थोरल्यानं तो ब्रश घेतला. मग त्यानं 'कु'ला शेपूट जोडलं. साधं नाही. पाटीच्या खालून नेत नेत, 'नये'च्याही पलीकडं नेलं, कडेपर्यंत पोचवलं आणि टोकाला कुत्र्याच्या शेपटासारखा झोकदार गोळा दिला. आणि धाकट्याकडं असं बघितलं, 'पुरे का?'

धाकटा हसला. हसला म्हणजे अर्धाच हसला. उजवा गाल वर गेला, डावा जागच्या जागी. त्याचं ते वाकडं थोबाड बघून थोरल्यालाही हसू फुटलं, तेही अर्धंच. दोघांचं मिळून एक हसणारं तोंड झालं म्हणायला हरकत नव्हती. दाराच्या फटीतून आजी बघत होती. डॉक्टरही बघत होते, आणि त्यांच्या ध्यानातच आलं नाही की भूल उतरायला लागलीय.

पहिला धड शब्द थोरल्याच्या तोंडून निघाला. "शेपूट लांब झालं का रे?"

"दादा, तुझं काही कमी असतं का कधी?" धाकटा म्हणाला, आणि मग त्याला पुढं बोलवेना, पण ते काही इंजेक्शनामुळं नव्हतं.

दोघांनाही परत टोचावं लागलं. ती पाटी बेसिनवर लागली आणि लोक ती बघायला येऊ लागले. थुंकायचं तर विसरूनच जात.

कवळी तयार झाली तेव्हा आजीनं दोन्ही मुलांना, सुनांना आणि मावशींना जेवायला बोलावलं. एकच टेबल, तेही दोन दुकानांच्या दोन फळ्या जोडून केलेलं. आजीनं कवळी घालून भाजलेलं कणीस खाल्लं, टरटर आवाज करत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. दोघं भाऊ आईला कोण वाढणार यावरून भांडत होते, आणि ती दोघांकडूनही वाढून घेत होती.

"अगं," ती मधेच मावशींना म्हणाली, "सगळ्या जगाला विचारत फिरतेस. तुझं काय यायचं राहिलंय?"

मावशी हसल्या. "सायकल. लहानपणी भावाला आणली, मला नाही आणली. म्हणाले, मुलीला कशाला?"

"मग शीक की."

"बघू," मावशी म्हणाल्या.

आणि त्यांचा हात तोंडावर गेला. टेबलावर कुणाला काही कळलं नाही. सुनांना वाटलं, कणसाचा दाणा अडकला. मावशी पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आल्या आल्या त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "ड्रायव्हरसाहेब, तुमच्या मुलीची जुनी सायकल आहे ना?"

दवाखान्यामागच्या बोळात शिकवणी सुरू झाली. मावशींचं वय बघता लोकांनी आधी समजावलं, मग घाबरवलं, मग बघायला खुर्च्या आणल्या. ड्रायव्हर सीट धरून मागं धावायचा आणि ओरडायचा, "पुढं बघा! प्रवाशांकडं बघू नका!" पाटीवाल्या भावांनी मागच्या मडगार्डवर रंगवून दिलं, 'शिकाऊ, अंतर ठेवा.' धाकट्यानं सांगितलं आणि थोरल्यानं लिहिलं. त्यामुळं ते शुद्धही होतं आणि देखणंही. मावशी पडल्या, उठल्या, परत पडल्या. एकदा ड्रायव्हरनं न सांगता सीट सोडली आणि मावशी बोळाच्या टोकापर्यंत एकट्या गेल्या. मोठ्यानं ओरडल्या, "मी चालवतेय!" आणि हे सांगायला मागं वळून बघितलं. औषधांच्या दुकानापुढं कचऱ्याचा मोठा डबा होता. समोरचा दात निम्मा गेला.

आता त्यांना स्वतःच त्या खुर्चीत बसावं लागलं. तोंडात कापूस, जिभेवर आरसा, ओठ बधिर. डॉक्टरांनी कपाटाला टेकून हाताची घडी घातली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मावशींशी एकतर्फी बोलायची संधी मिळाली होती.

"मावशी, तुम्ही म्हणता मी वेळ घालवतो. बरोबर आहे. पण तो महिन्या-महिन्याला येतो ना, काठीवाला म्हातारा? दाढ दुखते म्हणतो?"

मावशींनी मान हलवली.

"त्याच्या तोंडात एकही दात नाही."

मावशींचे डोळे मोठे झाले.

"मी आरसा घालतो, हिरड्या ठोकून बघतो. कुठं दुखतंय, विचारतो. तो म्हणतो, इथं. मग बायको कशी गेली ते सांगतो. दर वेळी तेच सांगतो. मी म्हणतो, चांगलं औषध देतो, पुढच्या महिन्यात या. तो बरा होऊन जातो. आता ह्याला उशीर म्हणायचं की आणखी काय, तुम्हीच सांगा."

मावशींना काही सांगता येण्यासारखं नव्हतं. तोंडात कापूस होता. डॉक्टरांनी तो मुद्दामच जास्त भरला होता, असं त्या पुढं कुणाकुणाला सांगत.

पुढच्या महिन्यात काठीवाला म्हातारा आला तेव्हा मावशींनी त्याला काय येतं आणि काय राहिलंय, हे विचारलं नाही. खिडकीजवळ एक खुर्ची ठेवून घेतली होती, तिच्यावर त्याला बसवलं आणि आपलं स्टूल त्याच्या शेजारी नेऊन बसल्या. फोन वाजला. वाजू दिला. "कुठं दुखतंय?" त्यांनी विचारलं. म्हाताऱ्यानं बोट दाखवलं आणि सांगायला सुरुवात केली. आत जायची वेळ झाली तरी त्याचं संपलं नव्हतं, आणि त्या दिवशी डॉक्टरांना बाहेर येऊन विचारावं लागलं, "मावशी, पेशंट पाठवताय ना?"

"थांबा हो जरा," मावशी म्हणाल्या. खोली एवढी हसली की दोन्ही मासे दचकून पळाले.

आजी त्यानंतर दोन हिवाळे काढून गेली. कवळी घालूनच गेली, कारण तिकडं कणसं असली तर पंचाईत नको, असं तिनंच सांगून ठेवलं होतं. दोन्ही भावांनी मिळून एकच दुकान केलं. अजूनही भांडतात, पण आता तोंडानं. डॉक्टरांनी पुढं दवाखाना मुलीच्या हाती दिला. मुलगी वेळेची पक्की. दहा म्हणजे दहा. बाकावर बसायला लोकांना वेळच मिळेना, आणि विणणारे बिचारे दाढ दुखायची वाट बघत घरी राहिले. मावशींनी हसतहसत किल्ल्या परत केल्या. "तुझं बरोबर आहे गं," त्या मुलीला म्हणाल्या. "फक्त काठीवाले आजोबा आले तर घड्याळाकडं बघू नकोस."

मावशी आता चांगल्या म्हाताऱ्या झाल्या आहेत. गुडघे कुरकुरतात, पण सायकल सुटलेली नाही. सुट्टीच्या दिवशी नदीच्या पुलापर्यंत जातात, तिथं काहीही न करता बसतात आणि परत येतात. परवा येताना टेकडीच्या रस्त्यावरून त्या सुसाट निघाल्या. पदर उडतोय, केस उडताहेत. चौकात उभ्या असलेल्या ट्रॅफिक पोलिसानं हात आडवा केला, मग घाबरून स्वतःच बाजूला झाला.

"आजी!" तो मागून ओरडला. "ह्या वयात एवढी घाई कसली?"

"घाई नाही रे बाबा," वळणावरून आवाज आला, "उतार आहे!"